कमी मार्कांचं स्पष्टीकरण कॉलेजच्या अर्जात द्यायचं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर लागला की दर रविवारी माझ्या नागपूरच्या धरमपेठेतल्या घरी दोन-तीन मुलं येतात, सोबत आई नाहीतर बाबा. हातात परदेशी कॉलेजच्या अर्जाचा निबंध असतो आणि पिशवीत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मार्कशीट. मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायची, आता निवृत्त आहे. निबंध वाचून देते, पैसे घेत नाही, चहा पाजते. निबंधावर बोलणं सुरू होतं आणि दहा मिनिटांत गाडी त्या फोल्डरपाशी येऊन थांबते: "मॅडम, अकरावीचे मार्क कमी आहेत, त्याबद्दल लिहायचं का?" दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते.

आधी थोडक्यात सांगा: लिहायचं की नाही?

तीन गोष्टी जुळल्या तर लिहा. कारण तुमच्या हातातलं नव्हतं, नुसती मार्कशीट बघून ते कळत नाही, आणि ते कारण सरल्यावर मार्क सावरले. तिन्ही जुळत असतील तरी मुख्य निबंधात लिहू नका, त्याला वेगळी जागा असते. तिसरी गोष्ट नसेल, म्हणजे अडचण अजून चालूच असेल, तर शिक्षकांच्या पत्रातून ती जास्त चांगली पोहोचते. बाकी बहुतेकांनी या विषयावर गप्प बसलेलंच बरं.

मुख्य निबंधात का नको? तोच तर सगळे वाचतात.

म्हणूनच नको. अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांसाठी चालणाऱ्या कॉमन ॲपमध्ये मुख्य निबंधाला जास्तीत जास्त 650 शब्द मिळतात. अख्ख्या अर्जात तुमचा स्वतःचा आवाज ऐकू येईल अशी ती सगळ्यात मोठी जागा. मार्क तर ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे शाळेने पाठवलेल्या गुणांच्या नोंदीत, आधीच गेलेले असतात, नववीपासून झालेल्या सगळ्या वर्षांचे. वाचणाऱ्याने ते पाहिलेले असतात. त्यानंतर तो निबंध उघडतो तो हा मुलगा आहे तरी कोण हे बघायला, आणि तिथेही पुन्हा फिजिक्सचे मार्कच समोर आले, तर बिचाऱ्याने करायचं काय?

यात माझी स्वतःची चूक आहे, ती सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीला मीच म्हटलं होतं, "मनमोकळं लिही, अकरावीत काय झालं ते सगळं सांग." तिने लिहिलं. सहाशे शब्द, भाषा सुरेख, वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. महिन्याभराने तोच निबंध मी पुन्हा काढून वाचला, तेव्हा ध्यानात आलं की त्यात ती मुलगी कुठेच नाही. तिचा ताप आहे, सलाईन आहे, परीक्षेचा हॉल आहे. फुटाळा तलावावर पहाटे पक्षी मोजायला जाणारी, वहीत त्यांची चित्रं काढणारी मुलगी मला माहीत होती, कारण ती माझ्यासमोर बसायची. वाचणाऱ्याला ती भेटलीच नाही. तेव्हापासून हा सल्ला मी बंद केला.

मग ती वेगळी जागा कोणती?

कॉमन ॲपमध्ये दोन खिडक्या आहेत. एक 'अतिरिक्त माहिती'ची. तिची मर्यादा आधी 650 शब्द होती, 2025-26 पासून पहिल्या वर्षाच्या अर्जदारांना ती 300 केली आहे. दुसरी 'आव्हानं आणि परिस्थिती' अशा नावाची, 250 शब्दांची. आजारपण, घरातली अडचण, शाळा बदलणं या गोष्टी दुसरीत जातात. दोन्ही ऐच्छिक आहेत. दादा-ताईंचे जुने व्हिडिओ बघून 650 शब्द लिहून आणणारी मुलं अजून येतात, म्हणून आकडे दिले.

ब्रिटनचं गणित वेगळं. यूकॅसच्या, म्हणजे तिथल्या विद्यापीठांच्या सामाईक, अर्जात 2026 च्या प्रवेशापासून एकसलग निबंध उरलेला नाही. त्याऐवजी तीन प्रश्न आहेत: हा विषय का, शिक्षणाने तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलं. तिन्हींना मिळून 4000 अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. यात मार्कांच्या रडगाण्याला कुठेच जागा नाही, आणि ते बरंच आहे. विशेष परिस्थिती सांगायची तर ती तुमच्या शिक्षकांच्या शिफारशीत जाते, तिथे त्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. म्हणजे ब्रिटनसाठी लिहायचं काम तुमचं नाही, शिक्षकांना वेळेत सांगायचं काम तुमचं.

किती लिहायचं? आणि कसं? एखादा नमुना दाखवा.

चार ते सहा वाक्यं. एक खराखुरा प्रसंग सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. निबंध अर्थातच इंग्रजीत होता, इथे मराठीत देते.

मुलगा इतवारीतला, किराणा दुकानदाराचा. त्याने आणलेला मसुदा असा सुरू होत होता: "अकरावी हा माझ्या आयुष्यातला सर्वांत अंधारा कालखंड होता. नियतीने आमच्या कुटुंबावर निर्दय घाला घातला. परंतु मी हार मानली नाही." असं पूर्ण एक पान. मी वाचलं आणि विचारलं, "झालं काय होतं बाबू?" तो म्हणाला, "बाबांचा पाय मोडला न मॅडम. वर्धा रोडवर गाडी घसरली. तीन महिने दुकान मीच पाहून राहिलो होतो."

झालं! पानभर जे नव्हतं ते तीन वाक्यांत आलं. मग आम्ही बसून तारखा काढल्या, तास मोजले, ट्रान्स्क्रिप्ट समोर ठेवलं. तासाभराने कागदावर हे उरलं:

"अकरावीत असताना ऑगस्ट ते ऑक्टोबर माझे वडील अपघातामुळे अंथरुणावर होते. त्या तीन महिन्यांत आमचं किराणा दुकान रोज दुपारी चार ते रात्री नऊ मी सांभाळलं. त्याच काळातल्या सहामाही परीक्षेत मला भौतिकशास्त्रात 100 पैकी 41 आणि गणितात 46 गुण मिळाले. नोव्हेंबरमध्ये वडील दुकानात परतले. वार्षिक परीक्षेत याच विषयांत 72 आणि 78 गुण आहेत."

बस. अंधार नाही, नियती नाही. कधी सुरू झालं, रोजचे किती तास गेले, कोणत्या पेपरवर परिणाम झाला, कधी संपलं आणि पुढे काय झालं, एवढंच. तो म्हणाला, "मॅडम, हे तर लयच कोरडं वाटून राहिलं." वाटू दे. वाचणाऱ्याला नोंद हवी असते, आणि 41 वरून 72 वर गेलेला आकडा जे सांगतो ते 'हार मानली नाही'ने सांगता येत नाही. शेवटी 'क्षमस्व' लिहू का, असंही त्याने विचारलं. कशाबद्दल क्षमस्व?

गंमत म्हणजे त्याचा मुख्य निबंध त्याच दुकानातून निघाला. उधारीच्या वहीत त्याचे बाबा गिऱ्हाइकांची नावं न लिहिता खुणा लिहायचे, 'पिंपळाजवळची काकू', 'दोन सायकलवाले मास्तर'. बाबा अंथरुणावर, वही पोराच्या हातात, आणि पिंपळाजवळ तर तीन काकू राहतात. कोणाकडे किती बाकी हे शोधायला तो संध्याकाळी दारोदार गेला, त्याचा निबंध. त्यात मार्कांचा म सुद्धा नव्हता.

माझी अकरावी जेईई-नीटच्या क्लासमध्ये गेली. कॉलेजची परीक्षा आमच्याकडे कोणी मनावर घेत नाही. हे सांगू का?

नागपुरात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि इथे मी थोडी कठोर होते. क्लासशी टायअप केलेलं कॉलेज, आठवड्यातले सहा दिवस क्लास, अकरावीची परीक्षा 'पास झालं की झालं' अशी. आपल्याकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे. बोस्टनमध्ये बसून अर्ज वाचणाऱ्याला यातलं काही माहीत असेलच असं नाही, त्याला अकरावी म्हणजे फार महत्त्वाचं वर्ष वाटतं. तेव्हा माहिती म्हणून एक वाक्य चालेल: "अकरावी-बारावीत मी अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेसाठी आठवड्याला अमुक तास तयारी करत होतो." उपक्रमांच्या यादीत तासांसकट टाकलंत तर आणखी चांगलं.

पण त्याला अडचण म्हणू नका. ती निवड होती, तुमची नाहीतर घरच्यांची. 'क्लासमुळे कॉलेजचा अभ्यास करता आला नाही' हे वाचून समोरच्याला एवढंच कळतं की दोन कामं आली तर हा मुलगा एक सोडून देतो. आणि ज्या कॉलेजात आपण क्वचित गेलो त्याची हजेरी आणि प्रात्यक्षिकं या विषयाला आपणहून हात घालण्यात शहाणपण नाही, हे मी वेगळं सांगायला नको.

78 टक्के म्हणजे कमीच ना?

कोणाच्या मानाने? एक आई 88 टक्क्यांची मार्कशीट घेऊन आल्या होत्या, आवाज असा की घरात सुतक आहे. त्यांच्या जावेच्या मुलाला 94 होते, एवढंच.

आपले टक्के आणि अमेरिकन टक्के एका तराजूत बसत नाहीत. तिथल्या कित्येक शाळांत 90 च्या पुढे ए. आपल्या राज्य मंडळाच्या बारावीत 75 च्या पुढे विशेष प्रावीण्य. भारतातले अर्ज वाचणाऱ्यांना हे माहीत असतं, आणि तरीही ते समजावायचं कागदपत्र वेगळं आहे: शाळेची माहितीपत्रिका. मंडळ कोणतं, गुण कसे देतात, वर्गात पहिला आला त्याला किती होते, हे त्यात लिहायचं असतं. तुमच्या कॉलेजला असं काही पाठवायचं असतं हे ठाऊक नसेल, तर नम्रपणे सांगा आणि एक पान तयार करून घ्या. "आमच्याकडे पेपर फार कडक तपासतात" हे वाक्य विद्यार्थ्याने लिहिलं की तक्रार वाटते, शाळेने आकडे देऊन सांगितलं की माहिती होते.

आमच्या कॉलेजात काउन्सेलरच नाही. अर्जात शाळेच्या काउन्सेलरने भरायचा फॉर्म असतो, तो कोण भरणार?

प्राचार्य, उपप्राचार्य, वर्गशिक्षक, यांतलं कोणीही चालतं. कमी मार्कांमागचं कारण सांगायला खरं तर हाच माणूस सगळ्यात योग्य. तुम्ही सांगितलं तर सफाई होते, त्यांनी सांगितलं तर साक्ष. पण त्यांच्या एका वर्गात ऐंशी-नव्वद मुलं असतात, तुमच्या घरी काय झालं ते त्यांना आठवत नसणार. एका कागदावर तारखांसकट पाच ओळी लिहून द्या, दवाखान्याचे कागद असतील तर त्यांच्या प्रती जोडा. हे सगळं दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधी करा, कारण लवकरच्या अर्जांची मुदत बऱ्याच ठिकाणी 1 नोव्हेंबर असते आणि सुट्टीत कॉलेजच्या ऑफिसात फक्त पंखे फिरत असतात.

आमच्या ओळखीचे डॉक्टर आहेत. डेंगीचं सर्टिफिकेट मिळू शकेल. तसं लिहिलं तर?

हा प्रश्न पालक विचारतात, मुलं नाही. आणि विचारताना मुलाला "जा, गाडीतून पाण्याची बाटली घेऊन ये" म्हणून बाहेर पाठवतात.

नाही. अर्जाच्या शेवटी सगळी माहिती खरी असल्याची सही असते. खोटं निघालं तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो. ते बाजूला ठेवलं तरी, ज्या महिन्यात मुलगा आजारी असल्याचं लिहिलं त्याच महिन्यात त्याने बुद्धिबळाची स्पर्धा जिंकल्याचं दुसऱ्या पानावर असतं. माणसं पानं उलटून बघतात.

ज्यांना खरंच डेंगी झाला, आणि नागपुरात पावसाळा सरता सरता गल्लोगल्ली होतो, त्यांनी दोन वाक्यं लिहावी: किती दिवस, कोणती परीक्षा. प्लेटलेटचे आकडे नकोत.

घरातली गोष्ट आहे. आईबाबांचं पटत नाही, किंवा माझं मन बरं नव्हतं. किती उघडं करायचं?

तुम्हाला सांगावंसं वाटेल तेवढंच. कोणताही अर्ज तुमच्याकडे निदान मागत नाही. 'आरोग्याच्या कारणामुळे त्या सत्रात माझी हजेरी कमी होती, उपचार घेतले, जानेवारीपासून नियमित वर्गात आहे' हे पुरेसं असतं. आजाराचं नाव लिहायचं असेल तर लिहा, त्यात कमीपणा काही नाही. पण मग आज तुम्ही कसे आहात हेही एका वाक्यात यायला हवं, कारण वाचणारा तोच विचार करत असतो: घरापासून हजारो मैल लांब, एकट्याने, हा मुलगा निभावेल का?

गोष्ट घरच्या दुसऱ्या माणसाची असेल, बाबांची दारू म्हणा, ताईचं माहेरी परत येणं म्हणा, तर आधी घरी विचारा. निबंध छापून टेबलावर राहतो आणि तो आईच्या हाती लागतो, हे मी पाहिलं आहे. 'घरच्या परिस्थितीमुळे' या दोन शब्दांत पुष्कळ मावतं.

बारावीची सहामाही खराब गेली, अर्ज तर आधीच केलाय. आता?

अमेरिकन कॉलेजं वर्षाच्या मध्यावरचे गुण शाळेकडून मागवतात, तेव्हा लपणार नाही. प्रीलिममध्ये सावरलात की ते गुण पाठवा.

मी इंजिनीअरिंग केलंय, मास्टर्सला अर्ज करतोय. दुसऱ्या वर्षी दोन बॅक लागल्या होत्या, म्हणजे दोन विषय राहिले होते.

इथे हिशेब बदलतो, कारण एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे काय शिकायचंय आणि का ते सांगणारा निबंध) हा कामाचा कागद आहे. त्यात कोण आहात यापेक्षा काय येतं याला महत्त्व. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या मार्कशीटवर हिवाळी की उन्हाळी परीक्षा ते छापलेलं असतं, त्यामुळे विषय केव्हा सुटला हे कोणालाही कळतं. फॉर्मात बॅकलॉग विचारले असतील तर आकडा खरा टाका.

एसओपीत उल्लेख करायचा का, हे विषयावर ठरवा. डेटा सायन्सला अर्ज आणि बॅक गणितात, तर उल्लेख टाळता येणार नाही. पण उपाय दाखवूनच करा: नंतर कोणता वरचा पेपर चांगला गेला, प्रोजेक्टमध्ये तेच गणित कुठे वापरलं, जीआरई या प्रवेश परीक्षेच्या गणित विभागात किती मिळाले. एखादं वाक्य, फार तर दोन, तेही तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात. पहिल्या ओळीत बॅक आणलीत तर पुढचं सगळं त्या चष्म्यातून वाचलं जाईल. आणि बॅक इंजिनीअरिंग ड्रॉइंगमध्ये असेल आणि तुम्ही चालला असाल सायबर सिक्युरिटीला, तर सोडून द्या हो.

2021 च्या बारावीवाल्यांसाठी एक टीप. तुमची बोर्डाची परीक्षा करोनामुळे रद्द झाली आणि निकाल दहावीचे 30, अकरावीचे 30 आणि बारावीचे 40 टक्के धरून लागला. ज्यांची अकरावी पडेल होती त्यांना ती अशी परत येऊन चावली. कुठे बारावीचे गुण मागितलेच, तर हे सूत्र एका ओळीत सांगायला हरकत नाही.

जर्मनीसाठी एसओपीत कारण दिलं तर सूट मिळते का?

जिथे सूत्राने छाननी होते तिथे नाही. आपले गुण तिथल्या श्रेणीत बदलायचं सूत्र असं: जास्तीत जास्त गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला जास्तीत जास्त आणि उत्तीर्ण होण्याचे गुण यांच्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. 100 पैकी 70 आणि पासिंग 40 असेल तर 30 भागिले 60, गुणिले 3, अधिक 1, म्हणजे 2.5. साठ टक्क्यांना 3.0. तिथे 1 सगळ्यात चांगला, म्हणजे आपल्या उलटं. बऱ्याच अभ्यासक्रमांची अट 2.5 ची असते आणि कितीही हृदयद्रावक एसओपी 3.0 ला 2.5 करत नाही. तो वेळ अट सैल असलेले अभ्यासक्रम शोधण्यात आणि एपीएसची, म्हणजे आपली मार्कशीटं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या जर्मन कार्यालयाची, कागदपत्रं जमवण्यात घाला. 1 नोव्हेंबर 2022 पासून ते प्रमाणपत्र भारतीय विद्यार्थ्यांना लागतंच.

आणि भारतातच शिकायचं असेल तर?

सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) आणि कॅपच्या (सरकारी प्रवेश फेऱ्यांच्या) रांगेत निबंध कोणी मागत नाही. इंजिनीअरिंगला बारावीच्या पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) 45 टक्के, राखीव प्रवर्गाला 40, ही अट पूर्ण झाली की पुढे सीईटीचं पर्सेंटाइल बोलतं. अशोकासारख्या खासगी विद्यापीठांत निबंध असतो, तिथे वरचंच सगळं लागू. एमबीएच्या मुलाखतीत मात्र "बारावीत एवढे कमी का?" हे तोंडावर विचारतात. तिथे पंधरा सेकंदांचं उत्तर तयार ठेवा आणि ते संपलं की थांबा. मुलं थांबत नाहीत, बोलत सुटतात.

मॅडम, खरं सांगू? काहीच झालं नव्हतं. मी नुसता मोबाइल पाहून राहिलो होतो.

हे माझ्याकडे मान खाली घालून, चहाच्या कपाकडे बघत एका मुलाने सांगितलं होतं. इतक्या वर्षांत ऐकलेल्या कारणांमध्ये सगळ्यात खरं. सोबत त्याने अतिरिक्त माहितीच्या खिडकीसाठी 280 शब्द लिहून आणले होते, ऑनलाइन शिक्षणाचा तरुण पिढीवर झालेला परिणाम वगैरे. मी ते त्याच्या देखत खोडले.

दहावीनंतर घसरला, बारावीत थोडा वर आला, ते ट्रान्स्क्रिप्टवर दिसतच होतं. मग तिथे काय लिहू, त्याने विचारलं. काही नको, मी म्हटलं.

"रिकामं सोडलं तर चालते?"

"चालते."